पोटाच्या विकाराची डोळ्यांना झळ

डोळा लाल झाला की 'डोळे आले' असे म्हणून विषय संपवण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. २०२३च्या जुलैमध्ये आळंदी परिसरात डोळ्यांची साथ सुरू झाली आणि ती राज्यभर पसरली, तेव्हा या सवयीचे दर्शन गल्लोगल्लीच्या औषधांच्या दुकानांत घडले. चिठ्ठी नसताना थेंब मागणाऱ्यांची तेथे कमतरता नव्हती आणि स्टेरॉइडयुक्त थेंब परस्पर वापरू नका, असे नेत्रतज्ज्ञांना वारंवार सांगावे लागत होते. साथीतला लाल डोळा बहुतेकांच्या बाबतीत आठवडा-दोन आठवड्यांत बरा होतो आणि लोक तो विसरूनही जातात. परंतु रुग्णांचा एक वर्ग असा आहे, की ज्याला लाल डोळ्याकडे इतक्या सहजपणे पाहणे परवडत नाही. हा वर्ग आहे आतड्यांच्या जुनाट दाहाने त्रस्त असलेल्यांचा.

पोटाचा आणि डोळ्याचा काय संबंध, असा प्रश्न सर्वसामान्यांना पडणे स्वाभाविक आहे. तो अनेकदा रुग्णांनाही पडतो. पोटाचे डॉक्टर पोटापुरते पाहतात, डोळ्यांचे डॉक्टर डोळ्यापुरते, आणि या दोहोंच्या मध्ये जी फट राहते तिच्यातून कधी कधी रुग्णाची दृष्टी निसटते. या आजाराचे रुग्ण भारतात आता दुर्मिळ राहिलेले नसल्याने हा विषय केवळ वैद्यकीय परिषदांपुरता मर्यादित ठेवता येणार नाही.

शंभर वर्षांपूर्वीची नोंद

आतड्यांच्या दाहक विकारांत, म्हणजेच इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज किंवा 'आयबीडी'मध्ये, प्रामुख्याने दोन आजार मोडतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. क्रोन्स आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात कोठेही होऊ शकतो आणि तो आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. वारंवार जुलाब, शौचावाटे रक्त, पोटात कळा, वजनात घट, थकवा ही त्यांची नेहमीची लक्षणे. ताणतणावाशी जोडल्या जाणाऱ्या 'इरिटेबल बॉवेल सिंड्रोम'शी नावाच्या साधर्म्यामुळे त्यांची गल्लत केली जाते. मात्र त्या विकारात आतड्याला व्रण पडत नाहीत, येथे पडतात. जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांनी ऑगस्ट २०२०मध्ये राजीनाम्याची घोषणा केली, ती अल्सरेटिव्ह कोलायटिस पुन्हा उफाळल्याचे कारण देऊन. तेव्हा या आजाराचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले.

क्रोन्स हे नाव ज्यांच्यावरून पडले ते न्यूयॉर्कचे डॉ. बरिल क्रोन. त्यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९३२मध्ये लहान आतड्याच्या या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे त्याच्या सात वर्षे आधी, १९२५मध्ये, याच क्रोन यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांमधील डोळ्यांच्या गुंतागुंतीवर एक निबंध लिहिला होता. म्हणजे पोट आणि डोळे यांचा हा संबंध वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. प्रश्न आहे तो हे ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याचा.

आयबीडी हा आतड्यापुरता आजार नाही, हे आता सर्वमान्य आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच उतींवर उलटते आणि तिचा मारा सांधे, त्वचा, यकृत व डोळे यांच्यावरही होतो. निरनिराळ्या पाहण्यांतील आकडे वेगवेगळे असले, तरी साधारण ४ ते १० टक्के आयबीडी रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी डोळ्यांचा त्रास होतो, असे मानले जाते. ज्यांचे सांधे दुखतात किंवा ज्यांच्या पायांवर लाल, दुखऱ्या गाठी उठतात, अशांमध्ये हे प्रमाण अधिक आढळते. शंभरातील पाच-सात हा आकडा ऐकायला लहान वाटतो. परंतु आयबीडी बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो. शिक्षण, नोकरी, संसार यांची घडी बसण्याच्या काळातच डोळ्यांवर हे संकट येते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य कळते.

लाल डोळ्याचे तीन अर्थ

नेत्रतज्ज्ञांच्या दृष्टीने आयबीडी रुग्णाचा लाल डोळा प्रामुख्याने तीन प्रकारचा असू शकतो. त्यांतला फरक ओळखणे म्हणजेच निम्मी लढाई जिंकणे होय.

पहिला प्रकार एपिस्क्लेरायटिसचा. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ थराला सूज येते, डोळा लाल होतो, किंचित चुरचुरतो. पण दृष्टी शाबूत राहते. हा प्रकार त्या मानाने सौम्य होय. त्याचे एक वैशिष्ट्य म्हणजे तो आतड्याच्या दाहाबरोबर चालतो. पोट बिघडले की डोळा लाल होतो आणि पोट शांत झाले की डोळाही निवळतो. त्यामुळे अनेकदा पोटावरचे उपचार हेच डोळ्यावरचेही उपचार ठरतात.

दुसरा प्रकार स्क्लेरायटिसचा. येथे श्वेतपटलाच्या खोल थरांना सूज येते. ठणका इतका तीव्र असतो, की रुग्ण रात्री झोपेतून उठतो आणि वेदना कपाळ व जबड्यापर्यंत पसरते. हा प्रकार तुलनेने विरळा; पण उपचारांत दिरंगाई झाल्यास श्वेतपटल पातळ होऊन दृष्टी कायमची अधू होऊ शकते. पहिला आणि दुसरा प्रकार वेगळा करण्यासाठी नेत्रतज्ज्ञ एक साधी चाचणी करतात. फेनिलेफ्रिनचा थेंब टाकल्यावर वरच्या थरातील रक्तवाहिन्या आकुंचन पावून लाली ओसरली, तर एपिस्क्लेरायटिस. खोलवरची लाली तशीच राहिली, तर स्क्लेरायटिस. स्लिट लॅम्पपुढे बसवलेल्या रुग्णाची ही चाचणी काही मिनिटांत होते.

तिसरा आणि सर्वाधिक फसवा प्रकार युव्हायटिसचा. डोळ्याच्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थराला युव्हिया म्हणतात. त्याच्या पुढच्या भागाला सूज आली तर डोळा दुखतो, प्रकाश सहन होत नाही, नजर धूसर होते आणि लाली पारपटलाच्या कडेभोवती अधिक दिसते. चिपडे मात्र येत नाहीत. साथीच्या डोळ्यांमध्ये चिकट स्राव, खाज आणि पाणी असते, पण दृष्टी सहसा कमी होत नाही. युव्हायटिस ओळखण्यासाठी हा फरक सर्वसामान्यांनीही ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

फसवेपणा पुढेच आहे. मणक्याच्या संधिवातातील युव्हायटिस बहुधा अचानक, एकाच डोळ्यात आणि जोरात येतो. रुग्ण घाबरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे धावतो. आयबीडीतील युव्हायटिस मात्र अनेकदा दोन्ही डोळ्यांत, हळूहळू आणि दीर्घकाळ चालणारा असतो. डोळ्याच्या मागील भागातही तो पसरतो आणि स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. मागच्या भागातील सुजेमुळे डोळा फारसा लाल होतही नाही. डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात, वाचताना अक्षरे पुसट होतात आणि रुग्ण चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून चष्म्याच्या दुकानात जातो. तोपर्यंत बाहुलीच्या कडा भिंगाला चिकटणे, डोळ्यातील दाब वाढणे, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येणे ही साखळी सुरू झालेली असू शकते.

त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे युव्हायटिस आतड्याच्या तालावर चालत नाही. पोट पूर्णपणे शांत असताना तो उद्भवू शकतो. काही रुग्णांत आतड्याच्या आजाराचे निदान होण्याआधीच तो दिसतो. कोलायटिससाठी मोठे आतडे काढून टाकल्यानंतरही तो येऊ शकतो. त्यामुळे 'सध्या पोट बरे आहे, तेव्हा डोळ्याचा त्याच्याशी संबंध नसणार' हा रुग्णाचा तर्क चुकीचा ठरतो; आणि हाच तर्क डॉक्टरांनी केला तर तो अधिक महागात पडतो.

आतड्यातून डोळ्याकडे

इतक्या दूरच्या दोन अवयवांत हे नाते जुळते कसे, याचा उलगडा अद्याप पूर्ण झालेला नाही. मात्र दिशा स्पष्ट होऊ लागली आहे. आतड्यात कोट्यवधी जिवाणू वास्तव्य करतात आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा फार मोठा भाग तेथेच पहाऱ्यावर असतो. आतड्याचे अस्तर दाहामुळे झिजले की या पहारेकऱ्यांचा जिवाणूंशी नको तितका संपर्क येतो. डोळा एरवी प्रतिकारशक्तीच्या धुमश्चक्रीपासून बराचसा सुरक्षित राखलेला अवयव आहे. परंतु आतड्यात चेतवल्या गेलेल्या पेशी रक्तावाटे डोळ्यापर्यंत पोहोचल्या, तर हा बंदोबस्त मोडतो.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधील रेचल कॅस्पी यांच्या गटाने २०१५मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून याचा महत्त्वाचा दुवा पुढे आणला. दृष्टिपटलावर हल्ला करणाऱ्या टी-पेशी डोळ्यात शिरण्यापूर्वी आतड्यातच, तेथील जिवाणूंच्या संकेतांमुळे जागृत होतात आणि प्रतिजैविके देऊन हे जिवाणू कमी केल्यास डोळ्याचा दाह लांबतो, असे त्यांना आढळले. उंदरांतील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत, हे खरेच. तरीही पोट व डोळे यांना एकत्र पाहण्याची गरज या संशोधनाने अधोरेखित केली. आनुवंशिकतेचाही यात वाटा आहे. 'एचएलए-बी२७' हे जनुकीय चिन्ह ज्यांच्यात असते, अशांमध्ये सांधे, आतडे आणि डोळे यांचे त्रिकूट अधिक वेळा दिसते.

उपचारांचीच झळ

डोळ्यांना धोका केवळ आजाराचा नाही, उपचारांचाही आहे. आयबीडी उफाळल्यावर स्टेरॉइड हे हुकमी अस्त्र मानले जाते आणि अल्प काळासाठी ते योग्यही आहे. मात्र अनेक रुग्ण बरे वाटते म्हणून जुन्या चिठ्ठीवर त्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहतात. दीर्घकाळच्या स्टेरॉइडमुळे डोळ्याच्या भिंगाच्या मागील बाजूस मोतीबिंदू होतो आणि तो ऐन तारुण्यातही होऊ शकतो. दुसरा परिणाम म्हणजे डोळ्यातील दाब वाढून होणारा काचबिंदू. मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर करता येतो; काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंबांच्या रूपातील स्टेरॉइडही हाच दाब वाढवते. कायद्याने ही औषधे 'अनुसूची एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या यादीत आहेत. प्रत्यक्षात काय घडते, हे कोणत्याही शहरातील ग्राहकाला सांगण्याची गरज नाही.

दुसरी अडचण वेदनाशामकांची. डोळ्याच्या ठणक्यासाठी किंवा सौम्य स्क्लेरायटिससाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. नेत्रतज्ज्ञांच्या बाजूने हा उपचार शास्त्रीयच आहे. परंतु याच गोळ्या काही आयबीडी रुग्णांमध्ये आतड्याचा दाह पुन्हा भडकवू शकतात. रुग्णाने पोटाचा आजार सांगितला नाही आणि डॉक्टरांनी विचारला नाही, तर डोळा बरा करताना पोट बिघडवण्याची पाळी येते.

तिसरी बाब पोषणाची. क्रोन्स आजारात लहान आतड्याचा मोठा भाग निकामी झाला किंवा शस्त्रक्रियेने काढावा लागला, तर स्निग्ध पदार्थांचे व त्यांत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचे शोषण घटते. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो आणि डोळे कोरडे पडतात. रातांधळेपणा हा कुपोषित बालकांचाच आजार, अशी समजूत असल्याने सुखवस्तू घरातील प्रौढ रुग्णात तो कोणाच्या ध्यानीमनी येत नाही.

क्षयरोगाचे भारतीय कोडे

पाश्चात्त्य देशांतील ग्रंथ वाचून या प्रश्नाचा भारतापुरता उलगडा होत नाही, कारण येथे क्षयरोगाची छाया प्रत्येक निदानावर पडलेली असते. जगातील क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स आजार यांचे आवडते स्थान एकच, लहान व मोठे आतडे जिथे जुळतात तो भाग. लक्षणे सारखी, दुर्बिणीतून दिसणारे व्रण बरेचसे सारखे आणि तपासणीसाठी घेतलेल्या तुकड्यातही अनेकदा निर्णायक पुरावा मिळत नाही. म्हणून अनेक रुग्णांना आधी क्षयविरोधी औषधे सुरू केली जातात आणि दोन-तीन महिन्यांनी व्रण भरून आले की नाही, हे दुर्बिणीने पाहून निर्णय घेतला जातो. क्रोन्स निश्चित झालेल्या कित्येक भारतीय रुग्णांच्या फायलीत क्षयाच्या उपचारांचे एक जुने पान आढळते ते यामुळेच.

डोळ्यातही हेच कोडे पुन्हा उभे राहते. क्षयरोगामुळे युव्हायटिस होतो आणि आयबीडीमुळेही होतो. डोळ्यातील द्रवाचा अत्यल्प नमुना घेऊन क्षयाचे जिवाणू सापडणे कठीण असते. मॅन्टू चाचणी किंवा इग्रा ही रक्तचाचणी सकारात्मक आली, तरी भारतासारख्या देशात ती फक्त पूर्वी कधी तरी झालेल्या संसर्गाची खूण असू शकते. बेहसेट्स आजार हा तिसरा उमेदवार. तोही आतड्याला व्रण पाडतो आणि डोळ्याला सूज आणतो. अशा वेळी पोटाच्या डॉक्टरांकडील दुर्बिणीचा अहवाल आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडील निरीक्षण एकत्र ठेवले, तर निदानाची वाट सुकर होते. वेगवेगळे ठेवले, तर दोघेही अंधारात चाचपडतात.

या कोड्याला आणखी एक पदर आहे आणि तो क्वचितच चर्चेत येतो. क्षयावरील औषधांपैकी इथॅम्ब्युटॉल डोळ्याच्या नसेला इजा करू शकते. मात्रा व कालावधी वाढला किंवा मूत्रपिंड कमजोर असले की धोका वाढतो. सुरुवात बहुधा लाल व हिरव्या रंगातील फरक पुसट होण्याने होते. लवकर लक्षात येऊन औषध थांबवल्यास दृष्टी बऱ्याचदा सुधारते. नेहमीच मात्र सुधारत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१७पासून रोजच्या मात्रेची उपचारपद्धती देशभर लागू झाली आणि तीत इथॅम्ब्युटॉल पहिल्या दोन महिन्यांपुरते न राहता पुढच्या चार महिन्यांतही दिले जाऊ लागले. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा धोका पाहता हा बदल समर्थनीय आहे. पण ज्याला मुळात क्षय नसून क्रोन्स आहे आणि जो केवळ निदानाच्या अनिश्चिततेमुळे ही औषधे घेत आहे, त्याच्या डोळ्यांची औषधांपूर्वी व मधल्या काळात तपासणी होणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगायला नको.

औषध एक, काळजी दुहेरी

गेल्या पाव शतकात या आजारांच्या उपचारांत मोठा बदल झाला तो 'बायोलॉजिक' औषधांमुळे. टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब १९९८मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झाले. त्यानंतर आलेल्या अ‍ॅडालिमुमॅबला तेथे २००७मध्ये क्रोन्ससाठी, २०१२मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी आणि २०१६मध्ये जंतुसंसर्गाविना होणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या युव्हायटिससाठी मान्यता मिळाली. आतडे आणि डोळे या दोहोंवर एकच इंजेक्शन काम करते, ही या संबंधाची जणू पावतीच होय. भारताच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे अ‍ॅडालिमुमॅबची जगातील पहिली जैवसदृश आवृत्ती डिसेंबर २०१४मध्ये झायडस कॅडिला या अहमदाबादच्या कंपनीने भारतीय बाजारात आणली. त्यानंतर अन्य कंपन्याही उतरल्या. तरीही वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या या औषधांचा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला जड जातो, हे वास्तव आहे.

औषधाची निवडही दोन्ही तज्ज्ञांनी मिळून करावी लागते. एटॅनरसेप्ट हे टीएनएफला रोखणारेच औषध. पण क्रोन्समध्ये ते निरुपयोगी ठरले आणि ते घेत असताना युव्हायटिस उद्भवल्याच्या नोंदी आहेत. उलट व्हेडोलिझुमॅब हे औषध मुख्यतः आतड्यापुरते काम करते. संसर्गाचा धोका कमी असणे हा त्याचा गुण आहे. परंतु त्याच कारणाने डोळ्याच्या दाहासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. पोट बघून औषध बदलले आणि डोळ्याचा विचार राहून गेला, तर पोट शांत राहून डोळा भडकल्याचा अनुभव येऊ शकतो.

आणि येथेही क्षयरोग आडवा येतोच. २००१मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद होती. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच क्षयाने गाठले होते आणि बहुतेक रुग्ण क्षयाचे प्रमाण कमी असलेल्या देशांतील होते. क्षय ज्या देशात घरोघरी ठाऊक आहे, तेथे ही सावधगिरी किती पटींनी वाढवावी लागेल, याची यावरून कल्पना येते. छातीचा एक्स-रे, मॅन्टू वा इग्रा आणि गरज भासल्यास क्षयप्रतिबंधक गोळ्या, ही तयारी केल्याशिवाय असे औषध सुरू करू नये, असा दंडक त्यामुळेच पडला.

प्रश्न विचारायचा कोणी?

आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्यांचा, असा समज बराच काळ होता. तो मोडीत काढणाऱ्या अभ्यासांपैकी एक पंजाबमधला. लुधियानाच्या डॉक्टरांनी घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येमागे ४४.३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचे दिसले; ही पाहणी २००३मध्ये 'गट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्यानंतर मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आयबीडीसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू झाले आणि हा आजार वैद्यकीय वर्तुळात परिचित झाला. डोळ्यांचा धागा मात्र अजून सुटाच आहे.

त्याची कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. शौचाविषयी बोलण्याचा संकोच हे पहिले. शौचावाटे रक्त जाते म्हणजे मूळव्याध, असे स्वतःच ठरवून वर्षानुवर्षे घरगुती उपाय करणारे रुग्ण थोडे नाहीत. असा रुग्ण नेत्रतज्ज्ञांकडे गेल्यावर त्याला मधुमेह व रक्तदाब विचारला जातो. पोटाविषयी तो आपण होऊन बोलत नाही. दुसरे कारण तज्ज्ञतेची वाढती विभागणी. पोटाच्या डॉक्टरांच्या गर्दीच्या ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटे येतात. त्यांत जुलाबांची संख्या, वजन, रक्ताचे अहवाल यांपुढे डोळ्याचा विषय निघत नाही. तिसरे कारण धोरणाचे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९७६मध्येच सुरू केला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत त्याने मोलाची कामगिरी बजावली. पण शिबिरे आणि शस्त्रक्रियांची संख्या या चौकटीत तरुण वयातील दाहजन्य अंधत्व बसत नाही. ते मोजले जात नाही आणि जे मोजले जात नाही त्याच्यासाठी तरतूदही होत नाही.

यावरचे उपाय मात्र खर्चिक नाहीत. आयबीडीच्या प्रत्येक रुग्णाला दर भेटीत 'डोळा लाल होतो का, दुखतो का, प्रकाश खुपतो का, नजर धूसर झाली का' एवढे विचारायला अर्धा मिनिट पुरतो. युव्हायटिसचा संशय आल्यास रुग्णाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे, असे युरोपीय तज्ज्ञांच्या २०१६च्या सहमतिपत्रात नमूद आहे. नेत्रतज्ज्ञांच्या बाजूनेही वारंवार होणाऱ्या किंवा दोन्ही डोळ्यांच्या युव्हायटिसमध्ये जुलाब, शौचातील रक्त, घटते वजन व कंबरेचा पहाटेचा ताठरपणा यांची विचारपूस व्हायला हवी. त्यातून आतड्याच्या आजाराचे पहिले निदान डोळ्यांच्या दवाखान्यात होऊ शकते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या डोळ्यांचा दाब व भिंग नियमित तपासले जाणे, इथॅम्ब्युटॉल सुरू करताना रंगदृष्टीची नोंद घेणे, या गोष्टी जिल्हा रुग्णालयातही शक्य आहेत. लहान मुलांबाबत अधिक दक्षता हवी, कारण दिसणे कमी झाल्याचे ती सांगतच नाहीत.

रुग्णांच्या हाती काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे साथ असो वा नसो, लाल डोळ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब न घेणे. दुखरा डोळा, प्रकाशाचा त्रास आणि धूसर नजर यांपैकी काहीही असल्यास एक-दोन दिवसांत नेत्रतज्ज्ञांना गाठणे आणि तेथे पोटाचा आजार व त्यावरील सर्व औषधे न लाजता सांगणे. आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचा असतो, हे विचित्र वाटले तरी आवश्यक आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा थेंब आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि दीर्घकाळ घेतलेल्या गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नयेत.

डॉ. क्रोन यांच्या निबंधाला शंभर वर्षे उलटली. तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे उपचार नव्हते. निरीक्षण तेवढे होते. आज प्रभावी औषधे आहेत, सूक्ष्म तपासण्या आहेत आणि त्या भारतातील मोठ्या शहरांत उपलब्धही आहेत. उणीव आहे ती एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्याकडे जाणाऱ्या चिठ्ठीची. ती चिठ्ठी वेळेवर लिहिली गेली, तर पंचविशीतल्या एखाद्या रुग्णाची दृष्टी वाचू शकते. दरवर्षी १९ मे रोजी जागतिक आयबीडी दिन पाळला जातो. त्या दिवसाच्या भाषणांपेक्षा ही एक सवय रुजली, तर रुग्णांना तिचा अधिक उपयोग होईल.